आप्पांनी लावलेली हरळी

माझ्या नवऱ्याला नाद असे फार नाहीत. पत्ते नाहीत, सिनेमा नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. आयुष्यात एकच हौस केली, ती घरापुढच्या लॉनची. शहाद्याच्या कडेला नव्या कॉलनीत आम्ही घर बांधलं तेव्हा शेजारपाजारच्यांनी पुढच्या जागेत फरशी टाकली. यांनी मात्र पंधरा बाय वीस फुटांचा तुकडा मोकळा सोडला आणि नर्सरीतून चटईसारखे गुंडाळलेले गवताचे पट्टे आणून तिथे अंथरले. नर्सरीवाल्याने नाव सांगितलं, बर्मुडा. मी म्हटलं, बर्मुडा तर पोरं घालतात, तो जमिनीवर कशाला? पण यांचं त्या गवतावर मन बसलं. ऑफिसातून आले की बूट काढायचे आणि अनवाणी दहा फेऱ्या मारायच्या. ऑफिस पायांतून उतरतं म्हणे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि म्हणायची, चरून झालं असेल तर आत या, चहा निवतोय.

आमच्याकडच्या उन्हात लॉन टिकवणं सोपं नाही. थंडीत ते पिवळं पडून झोपतं. महाशिवरात्र झाली, ऊन जरा पाठीला लागायला लागलं की त्याला उठवावं लागतं. वरचं वाळलेलं छाटायचं, मेलेला काडीकचरा दाताळ्याने ओढून काढायचा, चाळलेलं शेणखत भुरभुरवायचं आणि मुख्य म्हणजे तण काढायचं. तण म्हणजे आमच्याकडे लव्हाळा. वरून पाहिलं तर गवताचीच चुलत बहीण, पण खाली मातीत हरभऱ्याएवढी काळी गाठ असते. वरचं पातं तोडलं की चार दिवसांत गाठ दोन पाती पाठवते. दरवर्षी फाल्गुनात मी आणि हे रविवारची सकाळ लव्हाळ्यामागे घालवायचो, आणि दरवर्षी लव्हाळाच जिंकायचा.

मागच्या दिवाळीनंतर माझे वडील, आप्पा, आमच्याकडे राहायला आले. राहायला आले हे मी म्हणते. ते म्हणायचे, चार दिवस उनू, म्हणजे आलोय. म्हसावदला त्यांचं घर आहे, शेत आहे. कापूस, केळी, मधली काही वर्षं ऊस, असं सगळं त्यांनी स्वतःच्या अंगावर केलं. आई जाऊन दोन वर्षं झाली. मी एकुलती एक. शेत आता निम्म्या बटाईने दिलेलं, आणि आप्पा घरात एकटे. दिवाळीनंतर त्यांना ताप आला तर दोन दिवस कोणाला पत्ता नाही. दूध घालणाऱ्या बाईने दाराची कडी वाजवून वाजवून शेवटी मला फोन केला. मी गेले तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मास्तरीण लेकीला दारात बघून म्हणाले, "शाळाले सुट्टी शे का आज?" त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस आता परत एकटा राहणार नाही. मी हट्टी आहे. पण मी कोणाची मुलगी आहे हे मी विसरले होते.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना लेकीच्या घरी राहणं म्हणजे संकट वाटतं. आंडेरना, म्हणजे लेकीचं, घर; जावयाचं अन्न. आप्पा खुर्चीवर बसायचे तेसुद्धा कडेला, मागे न टेकता. एक भाकरी कमी खायचे. स्वतःचं ताट स्वतः विसळायचे. आणि जावई घरात आला की उठून उभे राहायचे. जावई नाशिककडचा, घरात प्रमाण मराठी बोलणारा, म्हणून त्याच्याशी आप्पा मोठ्या कष्टाने शाळेतली मराठी बोलायचे. "या जावईबापू, बसा. आपण दमले असाल." नवऱ्याच्याच घरात नवऱ्याला बसा म्हणायचं, आणि तेही उभं राहून! हे बिचारे ओशाळून बसायचे. लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्या दोघांचं आपण-आपण सुटलं नव्हतं.

रोज सकाळी मी शाळेला निघाले की आप्पा विचारायचे, "काही काम शे का?" मी म्हणायची, "काही नही, आप्पा. तुम्ही आराम करा." मला वाटायचं मी त्यांना सुख देतेय. ज्या माणसाने साठ वर्षं उजाडायच्या आत वावर गाठलं, त्याला मी चार महिने आराम कर म्हणत होते. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

महाशिवरात्र झाली आणि एका सकाळी मी घाईत होते. दहावीचे पेपर जवळ आलेले, जादा तास, डबा भरायचा राहिलेला. आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी चप्पल घालता घालता म्हटलं, "आप्पा, ते लॉनमधलं गवत काढी ठेवा, जमनं त." आणि निघाले. गवत म्हणजे मला लव्हाळा म्हणायचं होतं. मी शाळेत मराठी शिकवते. एका शब्दाचे अनेक अर्थ हा धडा दरवर्षी घेते.

आता हे सांगायला हवं की नर्सरीवाल्याचं ते बर्मुडा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून हरळी. आपली दारातली, बांधावरची, गणपतीच्या दूर्वांची हरळी. आमच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून आप्पांची हरयी. आणि कापूस पिकवणाऱ्या माणसाला विचारा हरळी म्हणजे काय. तण खाई धन म्हणतात, ते तण म्हणजे हीच. नांगरटीत मुळी तुटली की एकीच्या दहा होतात. माझ्या लहानपणी आप्पा उन्हाळ्यात भर दुपारी वावरात बसून टिकावाने एकेक मुळी काढायचे आणि बांधावर वाळत घालायचे. तिच्यावर त्यांचा जेवढा राग होता तेवढा कोणा माणसावर नव्हता.

संध्याकाळी पाचला मी फाटक उघडलं. लॉन नव्हतं.

तिथे काळ्याभोर मातीचा वाफा होता, हाताने भुगा केलेला, फळी फिरवून सपाट केलेला. एक पातं नाही. कंपाउंडच्या भिंतीवर हरळीच्या मुळ्या ओळीने उन्हात वाळत घातलेल्या. एका घमेल्यात लव्हाळ्याच्या काळ्या गाठी, निवडून वेगळ्या काढलेल्या. आणि पायरीवर आप्पा बसलेले. धोतर खोचलेलं, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि चेहऱ्यावर असं हसू की आई गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं.

"देख," ते म्हणाले, "बठी हरयी काढी टाकी. एक मुयी ठेयी नही. आते दोन वरीस तोंड वर काढस का देख."

मला राग आला की मी शुद्ध मराठीत बोलते, वर्गात बोलते तशी. त्या दिवशीही तशीच बोलले. "आप्पा, काय करून ठेवलंत हे? विचारायचं तरी होतं! इतके दिवस पाहुण्यासारखे बसलात, आणखी एक दिवस बसवलं नसतं का?"

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर नाकावरच्या रागालाही नाही. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की हाच शब्द म्हणायचा नव्हता. आप्पांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी भिंतीवरच्या मुळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माले वाटनं, तुमले टाइम नही म्हनीसन वाढनी," एवढंच म्हणाले. नळाखाली हात धुतले, नखांतली माती काडीने काढली, खुरपं धुऊन उभं करून ठेवलं आणि आत गेले.

हे आले तेव्हा आप्पा उठून उभे राहिले आणि हात जोडले.  यांनी रिकाम्या वाफ्याकडे नीट पाहून घेतलं. ज्या माणसाने वीस वर्षांत एवढी एकच हौस केली, त्याला काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. पण ते म्हणाले, "माती काय सुंदर केलीय, आप्पा." मग आत येऊन मला हळूच म्हणाले, "तू काही बोलली नाहीस ना?" मी परातीत पीठ ओढलं, त्यातूनच त्यांना उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उठले तर आप्पा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तयार. पिशवी भरलेली. "म्हसावदनी गाडी कितला वाजता शे?" माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते पाहुणा निरोप घेतो तसे नम्र होते. मी म्हटलं तापातून उठलात, एकटे कसे राहाल. ते म्हणाले, "ऱ्हासू." मी रडले नाही, भांडले. ते भांडलेसुद्धा नाहीत. शेवटी मी साडी बदलली आणि त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले.

स्टँडवर होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराची गर्दी. होळी आठवड्यावर आलेली, धडगावकडे जाणारी गाडी आत यायच्या आधीच भरली होती. तीच म्हसावदवरून जाते. पहिली गेली, दुसरी गेली. आम्ही बाकावर बसून राहिलो, मधे पिशवी. उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज चालू होता. मला माफी मागता येत नाही. आमच्या घरात ती कोणी कधी मागितलीच नाही, चुकलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात जास्त तूप वाढायचा आणि विषय संपायचा. इथे स्टँडवर तूप कुठून आणणार? म्हणून बोलावंच लागलं.

"आप्पा, मी चुकनू," मी म्हटलं. एकदम चुकनू निघालं तोंडातून, पुरुषाचं रूप. मराठीची बाई आणि आपल्याच बोलीत लिंग चुकली.

आप्पांच्या मिशा हलल्या. "चुकनी," ते म्हणाले. मग पिशवीचे बंद सारखे करत म्हणाले, "तुन्हं काही चुकनं नही. मीच इचारं नही. आपलं वावर ऱ्हातं त इचारानं काम नव्हतं. आठे मी पाव्हना शे."

"मग जवाई रोज त्यावर अनवानी फिरस ते दिखनं नही का तुमले?"

"माले वाटनं, डॉक्टरनी सांगेल व्हई."

मला हसू फुटलं आणि त्याच्यामागून रडूही आलं. मी पदराने तोंड पुसलं आणि खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही म्हसावदला एकटे राहिलात तर मला रोज रात्री फोन वाजेल अशी भीती वाटते. मला तुम्ही घरात हवे आहात. माझ्यासाठी हवे आहात, तुमच्या सोयीसाठी नाही. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. तिसरी गाडी लागत होती. मी घाईने म्हटलं, "आणि जायचं तर जा, पण ते गवत आधी परत लाई द्या. माले येत नही."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे पूर्ण वळून पाहिलं. "हरयी लावू? मी? मन्हा बठा जलम हरयी माराम्हा गया. लोक येडा म्हनतीन माले."

"मग तुमच्याइतकी ती कोणाले माहीत?"

 आणि ते खरं होतं. हरळी कशाने मरते हे ज्याला माहीत, तिला कशाने जगवायचं हेही त्यालाच माहीत. आप्पांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. मग उठले आणि म्हणाले, "ती भितवरली कामनी नही, एक ऊन खाई बठनी. ताजी लागी. चाल, वावरमा."

म्हणून आम्ही दोघं म्हसावदच्या गाडीत चढलो, पण जाण्यासाठी नव्हे, येण्यासाठी. शेतात आप्पांनी चप्पल बांधावर काढली आणि जिथे ओल होती तिथली हरळी मुळ्यांसकट, मातीच्या ढेकळांसकट उचलायला सुरुवात केली. इतक्या हळुवारपणे मी त्यांना फक्त केळीचा कंद हाताळताना पाहिलं होतं. बटाईने शेत करणारा माणूस विहिरीकडून आला आणि थबकला. "आप्पा, काय काढी ऱ्हायनात?"

"पूजाले लागस," आप्पा खाली मान घालून म्हणाले. "दूर्वा."

त्याने गोणीकडे पाहिलं. गोणी गळ्यापर्यंत भरलेली. "इतली? कितला गनपती शेतस आंडेरना घर?"

आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तोंड फिरवून शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिले. परतीच्या गाडीत कंडक्टरने गोणीत काय म्हणून विचारलं, तर हा सत्तरीपारचा माणूस ताठ मानेने म्हणाला, "रोपं शेतस." चांगल्या घरचा माणूस, पण हरळी म्हणायची त्याला लाज वाटली.

आणि मग ते काम. मी नुसती हाताखाली होते. आप्पांनी मुळ्या बोटाएवढ्या तोडल्या, प्रत्येकीला फुटीचे दोन डोळे राहतील अशा. वावरात आपल्याच नांगराने मुळ्या तोडायची जी चूक व्हायची, ती इथे मुद्दाम केली. ओलं गोणपाट टाकून त्या झाकल्या, कारण दोन तासांचं ऊन तिला मारायला पुरतं, हे त्यांना ठाऊक. ओळी पाडून लावल्या, वर चाळलेलं शेणखत भुरभुरलं आणि यांना बोलावून म्हणाले, "जावईबापू, आपण जरा हा पाइप वरून फिरवता का?" सिमेंटचा एक पाइप बांधकामातून उरला होता, तो यांनी शर्टाच्या बाह्या सारून वाफ्यावर फिरवला. मुळ्या दबल्या. पाणी झारीनेच, धार नाही.

पुढे रोज सकाळी आप्पा पाटावर बसून लव्हाळा काढायचे. आम्ही इतकी वर्षं वरचं पातं ओढायचो. ते खुरप्याचं टोक पात्याच्या बाजूने तिरपं घालायचे, मातीत बोट घालून गाठीपर्यंत जायचे आणि गाठ हातात आली की मला दाखवायचे. "वरथीन तोडा त तो हासस," म्हणायचे. घोळ उगवली की मात्र फेकायची नाही, ती डाळीत घालायची. आघाडा दिसला की उपटायचा. तोडल्यावर दूध गळणारं दुधी तण दिसलं की लगेच. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे आता रोज सकाळी माझ्याशी बोलून ठरायचं, आणि ठरायचं ते त्यांच्याच मनासारखं. दोन वेळा त्यांचा हात चुकून हरळीकडेच गेला. साठ वर्षांची सवय. मी ओरडायच्या आत त्यांनीच हात मागे घेऊन स्वतःला शिव्या दिल्या.

म्हसावदला परत जायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण मला कळत नव्हतं. ते कामासाठी थांबलेत की थांबलेत? हरळी जुळून आली की टोपी घालून निघतील का? भाकरी अजून एक कमीच होती. जावई आला की उठणं चालूच होतं. मी रोज सकाळी वाफ्याकडे बघायची आणि पहिल्यांदाच आयुष्यात मला वाटायचं, गवता, सावकाश वाढ.

गुढीपाडव्यापर्यंत ओळीओळींतून हिरवे धागे एकमेकांकडे निघाले होते. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. हे ऑफिसातून आले. कानाला फोन, साहेबाशी बोलणं चाललेलं, आणि बोलण्याच्या नादात फाटकातून सरळ, बुटांसकट, नव्या कोवळ्या हरळीवर. एक पाऊल, दोन, तीन.

"ये जवाई!" पायरीवरून आवाज आला. "डोया फुटनात का रे तुन्हा? कोठे पाय ठेवस? आत्तेच फुटी ऱ्हायनी ती!"

माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. आप्पा उभे होते, पण नेहमीसारखे नव्हे. हातात खुरपं, ते बुटांकडे रोखलेलं. आमच्याकडे जावयाला कोणी असं बोलत नाही. भांडण झालं तरी बोलत नाही. यांनी फोन खाली केला, तिथल्या तिथे उभे राहून बूट काढले, हातात धरले आणि शाळकरी मुलासारखे म्हणाले, "चुकलं, आप्पा."

मला वाटलं आता आप्पा भानावर येतील, हात जोडतील, आपण-आपण करतील. ते म्हणाले, "चुकनं त चुकनं. आते हालू नको. मी सांगस तठेच पाय ठेव." आणि एकेक पाऊल दाखवत त्याला बाहेर काढलं. मग पायरीवर बसले, पाठ भिंतीला टेकून, आणि मला हाक मारली, "भाकरी व्हयनी का? भूक लागनी."

हे कॉलेजात असतानाच यांचे वडील गेले. त्या दिवसापासून यांना घरात कोणी अरे-तुरे म्हणणारं नव्हतं.  जेवून हात धुताना हे मला म्हणाले, "त्यांनी मला रे म्हटलं. ऐकलंस ना?" मी म्हटलं, सगळ्या कॉलनीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीतून सहज पाहिलं. आप्पा पायरीवर बसून घोळ निवडत होते. हे फाटकातून आले. फोन खिशात होता. बूट पायांतच ठेवून, आप्पांकडे चोरून बघत, अगदी सावकाश, हरळीच्या दिशेने निघाले होते.